एकाच कढईत सॉसेज-भात: कमी खर्चात, हलालची खात्री करून रात्रीचं जेवण

मागच्या महिन्यात शाळेत पालकसभा होती. सभा संपली, सगळे गेले, तरी पाचवीतल्या एका मुलीची अम्मी दाराशी थांबून राहिली. मला वाटलं, गणिताच्या मार्कांबद्दल विचारेल. तिने विचारलं भलतंच. "मॅडम, पोरगी मोबाइलवर बघते आणि रोज सॉसेज मागते. दुकानात पाकीट मिळतं, पण ते आपल्याला चालतं का? आणि एवढ्या महागाच्या पाकिटात नग किती, तर सात-आठ. घरात माणसं पाच. वाटायचं कसं?"

प्रश्न दोन होते. एक हलालचा, दुसरा खिशाचा. दोन्हींची ठेच मला स्वतःला लागलेली आहे. दोन वर्षांपूर्वी पेपर तपासणीच्या दिवसांत घाईघाईने मी फ्रोझन चिकन सॉसेजचं पाकीट उचललं. घरी तळलं, ताटात वाढलं. धाकटा तेव्हा सातवीत होता. त्याने पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि दस्तरखानावरच विचारलं, "मम्मी, यावर हलाल कुठे लिहिलंय?" लिहिलेलंच नव्हतं. सगळ्यांचे हात थांबले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ताट बाजूला सारलं. त्या रात्री आम्ही लोणचं-भात खाल्ला. रोज मुलांना "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असं सांगणारी मी, पाकीट न वाचता घरी आले होते.

तेव्हापासून मी दोन गोष्टी शिकले. पाकीट कसं वाचायचं, आणि पाकीट नसलं तरी सॉसेज घरी कशी करायची. त्याबरोबर तिसरी गोष्ट आपोआप आली. सॉसेज हा ताटातला मुख्य पदार्थ धरला की ती कधीच पुरत नाही. भाताला चव देणारी वस्तू म्हणून वापरली, तर पाव किलोत पाच माणसं पोटभर जेवतात. आज हेच सविस्तर सांगते.

सॉसेज आली कुठून?

आपल्याकडे सॉसेज म्हटलं की "इंग्रजांचं खाणं" किंवा "डुकराचं काहीतरी" असं डोक्यात येतं. हे अर्धंच खरं आहे. बारीक केलेलं मांस, मीठ आणि मसाला घालून आतड्याच्या नळीत भरायचं, म्हणजे ते टिकतं आणि जनावराचा कुठलाही भाग वाया जात नाही, ही युक्ती फार जुनी आहे. मुसलमान मुलखांतही ती शेकडो वर्षं चालत आलेली आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने लिहिलेल्या पाककृतींच्या ग्रंथात सॉसेजच्या कृती आहेत. अरबीत तिला 'लकानिक' म्हणत; लेबनॉन आणि सीरियात आजही 'नकानिक' म्हणतात. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया इथे मेंढीच्या किंवा गाईच्या मांसाची, लाल मिरची आणि जिरं घातलेली 'मर्गेज' घरोघरी खातात. तुर्कस्तानात भरपूर लसूण घालून वाळवलेली 'सुजुक' नाश्त्याला अंड्याबरोबर असते.

सॉसेज आणि भात एका भांड्यात शिजवण्याची रीतही जगात बऱ्याच ठिकाणी आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात 'जांबलाया' करतात. दक्षिण चीनमध्ये मातीच्या भांड्यात भात शिजवताना वर सॉसेजचे काप ठेवतात. आपल्या शेजारी गोव्यात चोरीस पुलाव असतो. हे तिन्ही पदार्थ बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे असतात, त्यामुळे ते आपल्या कामाचे नाहीत. गोव्याला फिरायला गेलात आणि मेनूवर 'चोरीस' किंवा 'गोवन सॉसेज' दिसलं, तर विचारल्याशिवाय मागवू नका. पण त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे. मांस थोडं, तांदूळ भरपूर, आणि मांसाची चव तेलावाटे आणि पाण्यावाटे प्रत्येक दाण्यात उतरलेली. आपला खिमा पुलाव तरी याहून वेगळा काय असतो?

पाकीट हातात घेतल्यावर

"चिकन आहे, म्हणजे चालेल" असं बरेच जण म्हणतात. मीही तसंच समजले होते. पण कोंबडी हलाल असली तरी ती जिबह कशी झाली हे पाकिटावरच्या 'चिकन' या शब्दावरून कळत नाही. म्हणून मी आता या क्रमाने बघते.

पहिलं, हलालचं चिन्ह आणि त्याखाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव. भारतात जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, हलाल इंडिया अशा संस्था हे काम करतात. नुसता 'हलाल' शब्द छापलेला असेल आणि संस्थेचं नाव नसेल, तर मी पाकीट परत ठेवते.

दुसरं, घटकांची यादी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जो घटक वजनाने सगळ्यात जास्त, तो यादीत पहिला लिहावा लागतो. यादीत चिकन पहिलं असेल तर ठीक. पाणी, स्टार्च, सोया हे वरच्या बाजूला असतील तर आपण चिकनच्या भावात पीठ विकत घेतोय. याच यादीत 'जिलेटिन', 'कोलॅजेन' किंवा 'अॅनिमल फॅट' दिसलं तर ते कुठल्या जनावराचं, हा प्रश्न उभा राहतो. हलाल प्रमाणपत्र असेल तर तो तपासलेला असतो.

तिसरं, वरचं आवरण. हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सॉसेजचं आवरण साधारण तीन प्रकारचं असतं. एक खऱ्या आतड्याचं. ते मेंढी-बकरीचंही असतं आणि डुकराचंही. दुसरं कोलॅजेनचं, म्हणजे जनावराच्या कातडीपासून केलेलं. तिसरं सेल्युलोजचं, ते वनस्पतीपासून होतं आणि सॉसेज शिजल्यावर कारखान्यातच सोलून काढतात. 'स्किनलेस' लिहिलेल्या सॉसेज बहुतेक या तिसऱ्या प्रकारच्या असतात. आतलं मांस चिकनचं आणि आवरण भलत्याच जनावराचं, असंही होऊ शकतं. म्हणून हलालचं चिन्ह संपूर्ण पाकिटासाठी हवं.

चौथं, कच्ची की शिजवलेली. 'फुली कुक्ड' किंवा 'रेडी टु ईट' असं असेल तर फक्त गरम करून भाजायची. 'रॉ' असेल तर आतपर्यंत नीट शिजली पाहिजे, मधोमध गुलाबी रंग राहता कामा नये. शिवाय अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि तारीख बघायचीच.

ज्यांच्या गावात हलाल प्रमाणित पाकीट मिळत नाही, किंवा मनात शंका राहते, त्यांनी मसल्याचं आपल्या ओळखीच्या आलिमांना विचारावं. मी शिक्षिका आहे, फतवा देणं माझं काम नाही. पण शंकेचा एक सोपा इलाज माझ्याकडे आहे. आपल्या रोजच्या खाटीककडून खिमा आणायचा आणि सॉसेज घरी करायची.

घरची सॉसेज, नळीशिवाय

याला मशीन लागत नाही, आतडं लागत नाही. सीक कबाब ज्यांना जमतो त्यांना हे जमलंच म्हणून समजा.

पाव किलो चिकनचा खिमा घ्या. खाटीकला "दोनदा मशीनमधून काढा" म्हणून सांगा. मांडीचं मांस असेल तर सॉसेज कोरडी होत नाही, नुसत्या छातीच्या मांसाची होते. खिमा धुऊ नका, त्यात पाणी राहतं. मांस मशीनमध्ये टाकण्याआधीच स्वच्छ करून घ्यायला सांगा. खिम्यात पाऊण चहाचा चमचा मीठ, एक चमचा आलं-लसूण पेस्ट, एक चमचा भाजून भरडलेलं जिरं, अर्धा चमचा बडीशेप, अर्धा चमचा मिरपूड, एक चमचा काश्मिरी लाल तिखट आणि दोन मोठे चमचे डाळ्याचं पीठ घाला. मर्गेजमध्येही जिरं, लाल मिरची आणि लसूण असतो, त्यामुळे ही चव आपल्या जिभेला परकी वाटत नाही.

आता महत्त्वाचं. हा गोळा कणकेसारखा चार-पाच मिनिटं मळायचा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटी होतात आणि मळल्यावर चिकट होऊन एकमेकांना धरतात. मिश्रण हाताला चिकटायला लागलं आणि त्याचा तार सुटल्यासारखा दिसला की झालं. मळलं नाही तर सॉसेज कढईत फुटते आणि तिचा खिमाच होतो. वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मग तेलाच्या हाताने बोटभर जाडीच्या, बोटभर लांबीच्या आठ वळकट्या वळा. इडलीच्या किंवा मोदकाच्या भांड्यात तेल लावून बारा मिनिटं वाफवा. एक मोडून बघा. आत सगळीकडे पांढरट, घट्ट दिसली की शिजली. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सियस यायला हवं.

रविवारी अशा दोन घाण्या करून ठेवल्या तर एक फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. दुसरी गार झाली की डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाकायची. यात टिकवण्याचं औषध नाही, म्हणून फ्रीझरमधलीही महिन्याच्या आत संपवा. वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. ओट्यावर दिवसभर उघडी ठेवून वितळवू नका, आणि एकदा वितळली की परत गोठवू नका.

पाच माणसांसाठी साहित्य

सॉसेज पाव किलो, घरची किंवा पाकिटातली. कोलम तांदूळ अडीच मोठ्या वाट्या. माझी वाटी २०० मिलीची आहे, त्यात साधारण १७० ग्रॅम तांदूळ बसतो, म्हणजे एकूण सव्वाचारशे ग्रॅम. दोन मध्यम कांदे, दोन टोमॅटो, एक ढोबळी मिरची, एक गाजर, मूठभर मटार. दीड चमचा आलं-लसूण पेस्ट, दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, एक चमचा धनेपूड, एक तमालपत्र, चार मिरे. तेल दोन मोठे चमचे. गरम पाणी साडेचार वाट्या. कोथिंबीर आणि एक लिंबू.

तांदळाबद्दल एक अनुभव. पहिल्यांदा मी घरात होता तो इंद्रायणी वापरला, तोही कुकरमध्ये. चव छान, पण झाली खिचडी. इंद्रायणी, आंबेमोहोर हे मुळातच चिकट होणारे तांदूळ. या पदार्थाला कोलम किंवा बासमतीचा तुकडा चांगला. बासमती तुकडा अर्धा तास भिजवला तर पाणी एक वाटीने कमी घ्या.

भांडं रुंद आणि जाड बुडाचं हवं. तीन-चार लिटरची कढई, हंडी किंवा पसरट पातेलं. घट्ट बसणारं झाकण हवं. झाकण सैल असेल तर कडेने ओला कपडा लावा, किंवा आपण दमला लावतो तशी कणकेची वात लावा.

कृती

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन चाळणीत निथळत ठेवा. धुतल्याने वरचं पीठ जातं आणि दाणे एकमेकांना कमी चिकटतात.

सॉसेजचे बोटाच्या पेराएवढे तिरके काप करा. कढईत तेल गरम करून काप एका थरात पसरवा आणि मध्यम आचेवर चार मिनिटं राहू द्या. सारखं हलवू नका. एक बाजू खरपूस तांबूस झाली की उलटा, अजून दोन मिनिटं ठेवा, मग ताटलीत काढा. कच्च्या पाकिटातली सॉसेज असेल तर आधी अख्खी ठेवून, झाकण घालून आठ-दहा मिनिटं शिजवा, मगच कापा.

कढईच्या बुडाला आता तांबूस थर लागलेला दिसेल. तो घासून टाकायचा नाही, खरी चव त्यातच आहे. त्याच तेलात तमालपत्र, मिरे आणि उभा चिरलेला कांदा टाका. कांदा गुलाबी झाला की आलं-लसूण आणि मिरची टाकून एक मिनिट परता. मग चिरलेला टोमॅटो, हळद, तिखट, धनेपूड. टोमॅटोला पाणी सुटलं की उलथण्याने बूड खरवडा. तो थर सुटतो आणि मसाल्यात मिसळतो. तेल कडेला दिसेपर्यंत परता.

गाजर, ढोबळी मिरची आणि निथळलेला तांदूळ घालून दोन मिनिटं हलक्या हाताने परता. दाण्याला तेल लागलं की तो मोकळा राहतो. मग उकळतं पाणी आणि मीठ घाला. मिठाचं पुढे सांगते. इथे पाणी चाखून बघा. पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी खारट लागलं पाहिजे, कारण सॉसेजचं मीठ अजून यायचं आहे.

मोठ्या आचेवर उकळी आणा. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि वर छोटी छोटी भोकं दिसायला लागली की आच अगदी मंद करा. मटार आणि सॉसेजचे काप वर पसरवा, झाकण लावा आणि बारा मिनिटं उघडू नका. बारा मिनिटांनी गॅस बंद करा आणि तसंच बंद झाकणाने अजून दहा मिनिटं ठेवा. घाई होत असेल तर या दहा मिनिटांत कांदा-काकडीची कोशिंबीर करून घ्या, पण झाकण काढू नका. या वेळात वरच्या आणि खालच्या दाण्यांतला ओलावा सारखा होतो. शेवटी लिंबू पिळा, कोथिंबीर घाला आणि काट्याने किंवा उलथण्याच्या कडेने भात हलकेच मोकळा करा.

बरोबर दह्याची वाटी असेल तर आणखी काही लागत नाही. भांडी घासायची ती एक कढई, एक चाळणी आणि ताटं.

पाण्याचं गणित

वर्गात मी हा प्रश्न मुलांना घातला होता. अडीच वाट्या तांदळाला साडेचार वाट्या पाणी, तर पाच वाट्या तांदळाला किती? सगळा वर्ग म्हणाला, नऊ. घरीही आपण असंच करतो आणि पाहुणे आले की नेमका भात गिचका होतो.

कारण असं. तांदूळ स्वतः साधारण आपल्या मापाएवढं किंवा थोडं जास्त पाणी पितो. बाकीचं वाफ होऊन जातं. वाफ किती जाईल हे भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर, आचेवर आणि शिजण्याच्या वेळेवर ठरतं. तांदूळ दुप्पट झाला तरी भांडं तेच आणि वेळही जवळपास तेवढाच, म्हणून वाफेत जाणारं पाणी दुप्पट होत नाही. पाच वाट्यांना आठच्या आसपास पाणी पुरतं. उलट एक-दीड वाटीचाच भात मोठ्या कढईत केला तर नेहमीच्या प्रमाणापेक्षा पाणी थोडं जास्त लागतं. आपापली कढई दोन-तीनदा वापरली की तिचा अंदाज येतो. तो आकडा एकदा वहीत लिहून ठेवा.

झाकण लावल्यावर हलवायचं का नाही, तेही यातच आहे. शिजणारा दाणा मऊ असतो. तो हलवला की मोडतो, त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि सगळं चिकट होतं. बूड लागेल अशी भीती वाटत असेल तर कढईखाली तवा ठेवा.

खर्चाचा हिशेब

मी घरखर्चाची वही ठेवते. आमच्या बाजारातल्या भावाने मागच्या वेळचा हिशेब असा होता. चिकन खिमा पाव किलो ८० रुपये, तांदूळ २६, कांदा-टोमॅटो-भाज्या-लिंबू-कोथिंबीर ४०, तेल-मसाला १५. एकूण १६१ रुपये, म्हणजे माणशी ३२. खिम्याऐवजी १५० रुपयांचं पाकीट आणलं तर एकूण २३१, माणशी ४६. तुमच्या गावात भाव वेगळे असतील, पण फरक साधारण असाच पडतो.

महिनाअखेरीला हे आणखी स्वस्त करता येतं. खिमा दीडशे ग्रॅमच घ्या आणि रात्री भिजवून शिजवलेले काबुली चणे एक वाटी भातात टाका. चण्यातही प्रथिनं असतात आणि ते सॉसेजची चव ओढून घेतात. किंवा शेवटच्या पाच मिनिटांत भातात चार खळगे करून त्यात अंडी फोडा आणि झाकण लावा. मुलांना हे फार आवडतं. भाजी जी स्वस्त असेल ती, कोबी, फरसबी, फ्लॉवर काहीही चालतं. ढोबळी मिरची महाग असेल त्या आठवड्यात घालूच नका.

मिठाकडे लक्ष

आमच्या घरात सासूबाईंना बीपी आहे, म्हणून हे मी अनुभवाने शिकले. पाकिटातल्या सॉसेजमध्ये शंभर ग्रॅमला दीड-दोन ग्रॅमपर्यंत मीठ सहज असतं. पाकिटावर ते बऱ्याचदा 'सोडियम' म्हणून मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते.

आपल्या या कढईत सॉसेजचं चार ग्रॅम आणि भाताला दीड चमचा, म्हणजे साधारण आठ ग्रॅम, असं बारा ग्रॅम मीठ जातं. पाच जणांत प्रत्येकी जवळपास अडीच ग्रॅम. दिवसाचा निम्मा हिस्सा एका जेवणात. म्हणून मी बरोबर पापड-लोणचं ठेवत नाही, दह्यात मीठ घालत नाही. पाकिटाची सॉसेज असेल तर भाताला सव्वा चमचाच टाकते. लिंबू पिळल्यावर मीठ कमी असल्याचं जाणवत नाही.

दुसरं म्हणजे पाकिटातल्या सॉसेजमध्ये टिकण्यासाठी आणि रंगासाठी बऱ्याचदा सोडियम नायट्राइट असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींत केला. याचा अर्थ एकदा खाल्लं की आजार झाला असा नाही. रोजच्या डब्यात, रोजच्या नाश्त्यात ते नको, एवढं समजायचं. आमच्याकडे पाकिटाची महिन्यातून एकदा, घरची मात्र दोन-तीनदा होते. हलाल आहे म्हणजे कितीही खाल्लं तरी चालतं, असंही मुलांना वाटू देऊ नका.

भात उरला तर

अन्न फेकणं आपल्या घरांत कोणालाच आवडत नाही, आणि आवडूही नये. पण उरलेला भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवणं धोक्याचं आहे. भातात काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट असताना ते वाढतात आणि विष तयार करतात. मग सकाळी कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही, उलट्या-जुलाब होतात. म्हणून उरलेला भात पसरट ताटात काढून लवकर गार करा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, वाफ येईपर्यंत गरम करा. एकदाच गरम करायचं आणि लागेल तेवढंच. फ्रीज नसेल तर मोजूनच शिजवा, नाहीतर जास्त झालेलं त्याच रात्री शेजारी द्या.

हे जेवण कोण करणार?

मुद्दाम शेवटी ठेवलेली गोष्ट. या जेवणात पोळ्या लाटायच्या नाहीत, वाटण घाटायचं नाही, चार भांडी मांडायची नाहीत. म्हणून हे मुलांना शिकवायला सगळ्यात सोपं आहे. मी मुलीलाही शिकवलं आणि मुलालाही.

या मार्चमध्ये पुन्हा पेपर तपासणी होती. एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर मी पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले, ते इशाची अजान झाली तेव्हाच डोकं वर आलं. स्वयंपाकघरातून भाजलेल्या जिऱ्याचा वास येत होता. धाकट्याने फ्रीझरमधली घरची सॉसेज आदल्या रात्रीच खाली काढून ठेवली होती. कांदा जरा जाडच चिरलेला होता आणि बुडाला थोडी खरपूडी धरली होती. सासूबाईंनी ती खरपूडी स्वतःच्या ताटात मागून घेतली आणि विचारलं, "यात मीठ कोणी टाकलं? बरोबर पडलंय."

ज्या अम्मीने पालकसभेत प्रश्न विचारला, तिला मी हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. दोन दिवसांनी तिची मुलगी वर्गात येऊन सांगून गेली, "मॅडम, मी वळकट्या वळल्या. दोन फुटल्या." मी म्हटलं, पुढच्या वेळी थोडं जास्त मळ.